आपलेच पैसे आणि दलालाचा वाटा



या व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य अशा विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा मला रोज भेटणारा प्रश्नच मी घेतला आहे. हक्काचे पैसे अडकले म्हणजे ते सोडवण्यासाठी मधला माणूस नेमावा की नेमू नये? उदाहरण मात्र विलायतेतले घेतो. तेथे हा व्यवहार एवढ्या मोठ्या प्रमाणावर झाला की त्याचा हिशेब आज कोणालाही पाहता येतो.

ब्रिटनमध्ये कर्ज देताना बँका त्यासोबत एक विमा विकत. आजारपण, अपघात किंवा बेकारी आली तर कर्जाचे हप्ते विमा कंपनीने भरावयाचे. कल्पना वाईट नव्हती. नोकरी सुटल्यावर हप्त्याची तारीख कशी अंगावर येते, हे कामगाराला कोणी सांगावयास नको. परंतु विक्री भलत्याच रीतीने झाली. विमा घेतला नाही तर कर्ज मिळणार नाही, असे काहींना भासवण्यात आले. काहींच्या अर्जात तो न विचारताच घातला गेला. स्वतःचा धंदा करणारे, सेवानिवृत्त, जुने दुखणे असलेले, अशांच्याही गळ्यात तो मारला. आणि पुष्कळदा अटीच अशा होत्या की वेळ आली तरी त्यांच्या हाती काही लागू नये. कित्येकदा विम्याची सगळी रक्कम कर्जातच मिळवीत आणि तिच्यावरही व्याज लावीत. संरक्षण घ्यावयाचे, तेही उसने!

यात नफा किती होता? पॅरागॉन नावाच्या कंपनीविरुद्ध एका विधवा बाईंनी लढवलेल्या खटल्याचा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. कर्ज होते ३४,००० पौंडांचे आणि विम्याचे ५,७८० पौंड. त्यांतील ७१.८ टक्के रक्कम विमा विकणाऱ्यांच्या कमिशनात गेली होती. ही गोष्ट बाईंना कोणी सांगितली नव्हती. ती लपवणे अन्यायाचे आहे, असे न्यायालयाने म्हटले.

बँका सहजासहजी वाकल्या नाहीत. तक्रारी कशा निकालात काढाव्या याचे कडक नियम झाले, तेव्हा त्या उच्च न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०११ मध्ये हरल्या. मग पैसे परत करणे सुरू झाले. तक्रारीची शेवटची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९. जानेवारी २०११ पासून एकंदर ३,८०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम लोकांना परत मिळाली.

आणि येथेच मधला माणूस आला. ‘तुमचे पैसे आम्ही मिळवून देतो, मिळाले तरच फी द्या,’ असे सांगणाऱ्या कंपन्या जागोजाग निघाल्या. दूरध्वनी, निरोप, जाहिराती यांचा नुसता मारा झाला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ साली हिशेब मांडला, तेव्हा एप्रिल २०११ ते नोव्हेंबर २०१५ या काळात या कंपन्यांनी ३८० ते ५०० कोटी पौंड मिळवले असावेत असा अंदाज निघाला.

एवढ्या पैशासाठी त्यांनी केले काय, हे नीट पाहा. पद्धत अशी होती: प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावयाची. बँकेला उत्तरासाठी आठ आठवडे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर आर्थिक लोकपालाकडे जावयाचे. तेथे ग्राहकाला एक पैसाही खर्च नाही. कर्ज केव्हा घेतले, तेव्हा नोकरी काय होती, विम्याविषयी काय सांगितले गेले, हीच माहिती लागे. आणि ती कर्जदारालाच ठाऊक असे. कंपनी नेमली तरी जुनी कागदपत्रे शोधणे त्यालाच, आठवून सांगणे त्यालाच, सही करणेही त्यालाच. कंपनी पत्र पाठवी.

आता आकडेमोड करू. समजा, ३,००० पौंड परत मिळाले. फी ३० टक्के ठरली असेल आणि त्या फीवर २० टक्के कर, तर १,०८० पौंड गेले. पुढे २०१८ च्या कायद्याने फीला २० टक्क्यांची मर्यादा घातली. तरीही करासह ७२० पौंड जातच. याहून वाईट गत थकबाकीदाराची. परत मिळणारी रक्कम बँक त्याच्या थकबाकीत वळती करून घेई. हातात रोख शून्य, आणि कंपनीचे बिल मात्र दारात!

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या कंपन्या नसत्या तर पुष्कळांनी तक्रार केलीच नसती. फॉर्म पाहिला की हात थरथरणारी माणसे मी रोज पाहतो. भविष्यनिर्वाह निधीची स्वतःचीच रक्कम काढण्यासाठी दलालाला पैसे मोजणारे कामगार आपल्याकडेही थोडे नाहीत, आणि त्या अर्जाला तर फी मुळीच नाही. त्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण माणूस दलालाकडे आळसाने जात नाही. साहेबासमोर आपल्या शब्दाला किंमत नाही, ही भीती त्याला तेथे नेते. ही भीती खरी आहे. दलाल तिच्यावर जगतो.

म्हणूनच दलाल आणि संघटना यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. दलालाला तक्रारी हव्या असतात. तक्रारीचे कारण गेले तर त्याचा धंदा बसेल. ब्रिटनमध्येच पाहा. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ ही लोकांना फुकट सल्ला देणारी संस्था. तिच्या टेबलाशी रोज एकेक माणूस हा विमा घेऊन येऊ लागला. तिने त्या फुटकळ तक्रारींची एक मोट बांधली आणि २००५ साली सगळ्या विक्रीविरुद्धच सरकारी यंत्रणेकडे मोठी तक्रार गुदरली. पुढची चौकशी, पुढचे नियम, यांना जोर मिळाला तो येथून. टक्केवारी घेणाऱ्याला हे सुचण्याचे कारणच नव्हते.

आता आपल्या घरी येऊ. गृहकर्जाबरोबर विमा येतो, त्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिळवला जातो, आणि ‘साहेब, हे घ्यावेच लागते’ असे सांगितले जाते. हे ऐकलेले कितीतरी जण या सभागृहात असतील. अमुक कंपनीचाच विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत, पटली नाही तर, परत करता येते. तो काळ उलटून गेला असेल तर आधी बँकेकडे किंवा विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर बँकेच्या वागणुकीसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, विम्यासाठी विमा लोकपाल आहे. विमा लोकपालाची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. दोन्ही दारे विनामूल्य आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. विमा लोकपालाच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे तक्रार करावयाची ती स्वतः त्या माणसाने, किंवा त्याच्या वारसाने, नामनिर्देशिताने अथवा ज्याच्या नावे पॉलिसी करून दिली त्याने. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या योजनेतही प्रतिनिधी म्हणून वकील चालत नाही. भाडोत्री माणसावाचून सामान्य माणसाला आपले म्हणणे मांडता यावे, अशी ही रचना आहे. तिचा फायदा आपण न घेतला तर दोष कोणाचा?

प्रकरण न्यायालयात गेले, कायद्याचा खल पडला, तर वकील जरूर करा आणि त्याची फी आधी लिहून घ्या. पण साध्या अर्जाला चौथा हिस्सा देऊ नका. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याजवळ लिहिता येणाऱ्याने बसावे. आमच्या युनियनच्या कचेरीत हे होते. आपल्या ग्रंथालयात आठवड्यातून एक संध्याकाळ का होऊ नये? एक टेबल, दोन खुर्च्या आणि पेन, एवढेच भांडवल लागेल. एकदा ज्याने स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला, तो पुढच्या वेळी शेजाऱ्याचा लिहील. दलालाला फी देऊन आलेला मात्र पुढच्या वेळी पुन्हा दलालाकडेच जाईल.