मोबाईल काढून घेतला. हाती काय द्यावे?

(पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी या गावाने नोव्हेंबर २०२२मध्ये एक ठराव केला. अठरा वर्षांखालील मुलामुलींनी मोबाईल वापरायचा नाही. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले. पुढे शाळा उघडल्या, परंतु मोबाईल काही मुलांच्या हातून सुटला नाही. खेळांचे व्यसन जडले, नको ती दृश्ये डोळ्यांसमोर येऊ लागली, ही गावकऱ्यांची तक्रार होती. ग्रामपंचायतीला असा अधिकार आहे काय, हा प्रश्न कायदेपंडितांनी विचारावा. तो गैर नाही. पण एका खेडेगावाला आपल्या मुलांची काळजी वाटली आणि ती चारचौघांत बोलून दाखवावीशी वाटली, याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावानेही एक नियम केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाईल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात. दोन्ही गावांचा हेतू एकच असला, तरी नियमांत एक अंतर आहे. बांशीचा नियम मुलांना लागू होता. वडगावचा भोंगा आजोबांसाठीही वाजतो, मालिका पाहणाऱ्या सासूबाईंसाठीही वाजतो आणि दिवसभराच्या कामाने थकून आलेल्या बापासाठीही वाजतो. तरुणांतील वाढत्या हिंसेचा विचार करताना हे अंतर ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

मुले बिघडली की दोष चित्रपटांचा, मोबाईलचा, पाश्चात्त्य संस्कृतीचा, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. यात तथ्य नाही असे नाही. हातात कोयता घेऊन चालणारा नायक आणि त्यामागे गर्जणारे संगीत यांचा कोवळ्या मनावर ठसा उमटतोच. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल काय सांगतो? २०२२ या वर्षात देशभरात अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र अग्रभागी होता. ताब्यात घेतलेल्या चार मुलांपैकी सुमारे तीन सोळा ते अठरा या वयातील होती. त्याहून विचार करायला लावणारी नोंद पुढे आहे. यांतील बहुसंख्य मुले अनाथ नव्हती, रस्त्यावर वाढलेली नव्हती. ती आई-वडिलांसोबत, स्वतःच्या घरात राहत होती. कायद्याच्या भाषेत ज्याला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात, तो रोज कोणाच्या तरी पंगतीला जेवून उठत होता.

मग त्या घरात तो काय पाहत होता? वाढदिवसाला तलवारीने केक कापण्याची विकृती गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. पोलीस शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे नोंदवतात, मुलांना समज देतात. पण अशी चित्रफीत एकदा नीट पाहावी. केक कापणारा सोळा-सतरा वर्षांचा असतो, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत चांगले मिशा पिकलेले लोकही दिसतात. फलकावर 'भाऊ' म्हणून मुलाचे छायाचित्र झळकते, तेव्हा त्या फलकाचे पैसे त्या मुलाने कमावलेले नसतात. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली देणारा बाप 'आता मोठा झाला' असे कौतुकाने सांगतो. २०१९च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याने अशा पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द अशी शिक्षा ठेवली आहे. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवानाही मिळत नाही. ही तरतूद किती घरांत ठाऊक आहे? आणि ठाऊक असली, तरी पकडला गेल्यावर पहिला दूरध्वनी कोणाला जातो? ओळखीच्या पुढाऱ्याला.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मरण पावले. त्याला काही तासांतच जामीन मिळाला. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट तेव्हा देशभर गाजली. त्या निबंधाची चेष्टा पुष्कळ झाली. परंतु त्यानंतर जे उघडकीस आले, ते अधिक गंभीर होते. मुलाचे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला आणि त्याच्या जन्मदात्यांनाच अटक झाली. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे. समाजापुढचा प्रश्न मात्र निकालाची वाट पाहत थांबत नाही. अपत्यप्रेम म्हणजे अपत्याला प्रत्येक परिणामापासून वाचवणे, ही समजूत मध्यमवर्गीय घरांतही खोलवर रुजली आहे. शिक्षकाने कान पिळला तर शाळेवर चालून जाणारे पालक याच समजुतीचे छोटे रूप होत.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जून २०२५मध्ये सांगली जिल्ह्यात, वैद्यकीय प्रवेशाच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून बापानेच मारहाण केली आणि मुलगी दगावली, असे पोलिसांनी सांगितले. एकीकडे लाडाचा अतिरेक, दुसरीकडे गुणांसाठी काठी. दोन्ही घरांत मुलाशी बोलणे राहून जाते.

यवतमाळात बोलताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले. त्यानंतर या काळ्या कसदार मातीतील किती घरांचा कर्ता पुरुष असाच गेला! तेथे आई पहाटे निंदणीला जाते, अंधार पडल्यावर परतते. त्या माउलीला 'पालकत्व' या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिच्या मुलाकडे लक्ष देणे हे काका-मामांचे, शेजाऱ्यांचे, शिक्षकांचे काम आहे. ते त्यांनी केले नाही, तर चौकातला 'भाऊ' ते आनंदाने करतो. तो चहा पाजतो, गाडीवर बसवतो, नावाने हाक मारतो. मग एखाद्या रात्री काम सांगतो.

जेथे बाप आहे, तेथे दारू नाही असेही नाही. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. यवतमाळात मात्र माता-भगिनींना दारूबंदीच्या मागणीसाठी मोर्चे काढावे लागले. त्या मोर्च्यांत चालणाऱ्या बाईला समाजशास्त्र शिकवावे लागत नाही. मुलाने हात उगारायला प्रथम कोठे शिकला, हे ती नेमके सांगू शकते.

यवतमाळचा दुर्गोत्सव साऱ्या विदर्भात प्रसिद्ध आहे. मंडप उभारणे, रोषणाई, वर्गणीचा हिशेब, पंगती, रात्रीचा पहारा, ही सारी कामे तरुण मुलेच करतात. त्या नऊ दिवसांत त्यांच्या अंगात शक्ती किती आहे ते दिसते. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी ती मुले कोठे जातात, हे मंडळाच्या किती ज्येष्ठ कार्यकर्त्यांना माहीत असते? अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले, तेव्हाही पोरांच्या अंगात अशीच रग होती. आखाड्याची रीत साधी असते. लंगोट सर्वांना सारखा, वेळ सर्वांना सारखी. आणि पोरांनी मातीत उतरण्याआधी ती माती खणून, चाळून, मऊ करून ठेवायला वस्ताद स्वतः पहाटे हजर असतो.