कंत्राटदार वालचंद हिराचंद
(श्रीसंस्थानच्या वर्धापनदिनी महाजनांसमोर दिलेले भाषण)



अग्रशाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचा ठराव आपल्यापुढे आहे. काम कंत्राटदारास मोजमापाने द्यावे, की जागाच विकासकाच्या स्वाधीन करून त्याच्याकडून खोल्या घ्याव्यात, असे दोन पक्ष पडले आहेत. त्या निमित्ताने एका पुरुषाची कारकीर्द मी आपणांस सांगणार आहे.

वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा धंदा सावकारीचा व कापसाचा. कॉलेज सोडून ते त्यात शिरले, पण मन रमले नाही. अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. वालचंदांपाशी भांडवल व धाडस होते, तर फाटकांपाशी रेल्वेच्या कामाची माहिती. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ही भागी सुरू झाली. वालचंदांच्या चरित्राच्या ओघात फाटकांचे नाव मागे पडते, याचे मला, एका कारकुनाला, वाईट वाटते. टेबलावरचा कागद वाचता येणे हेही भांडवलच असते.

पुढे १९२० साली टाटांच्या सहकार्याने मोठी बांधकाम कंपनी निघाली आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. बोरघाटातील बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणारे नळ, कालाबागजवळ सिंधूवरचा पूल, ही सारी कामे वालचंदांच्या नावावर आहेत. जहाजे, विमाने, मोटारी या त्यांच्या उद्योगांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्यांच्या कंत्राटदारीचा. कंत्राटदाराचा हिशेब उघडा असतो. जमीन दुसऱ्याची, नकाशा दुसऱ्याचा. जेवढे काम उभे राहिले तेवढ्याचे बिल. बोगदा आरपार गेला की नाही, हे कोणासही दिसते.

वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे निवर्तले. त्यांच्या याच कंपनीने वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. तो २००९ साली खुला झाला. परंतु तिच्याच एका उपकंपनीने वरसगाव धरणाच्या काठी लवासा हे डोंगरी शहर वसवावयास घेतले. तेथे ती कंत्राटदार नव्हे, विकासक होती. जमीन घ्यावी, कर्ज काढावे, अद्याप न बांधलेली घरे विकावीत, असा तो व्यवहार. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविले. २०१८ साली ती उपकंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पैसे भरून बसलेली माणसे घरांची वाट पाहत राहिली.

सागरावर सेतू बांधणाऱ्या घराण्याच्या बाबतीत हे घडले. आपला विकासक याहून पुष्कळ लहान आहे. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु शेवटची खोली ताब्यात येईपर्यंत श्रींची जमीन कोणाच्या नावे राहील आणि तीवर कर्ज काढण्याचा अधिकार कोणास असेल, ही दोन वाक्ये ठरावाच्या मसुद्यात मला आढळली नाहीत. मतदानापूर्वी चिटणिसांनी तेवढा भाग सभेस वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.