विचारून आत येणारा प्रोग्राम

रेडिओ केंद्रावरून फोन आला, "सर, वेबसाइट बनवायच्या एखाद्या नव्या साधनाबद्दल बोलाल का? पण सोपं ठेवा हं, लोक भाजी निवडता निवडता ऐकतात." मी लगेच हो म्हटलं. मला जे सांगायचंय त्याला भाजी निवडणारा माणूसच हवा.

साधनाचं नाव डेनो. त्याची पहिली पक्की आवृत्ती आली १३ मे २०२० रोजी. दिवस टाळेबंदीचे, कॉलेजला कुलूप, मुलं मोबाइलच्या चौकटीत. हाती वेळ होता, म्हणून बसलो वापरून बघायला.

आधी एक खुलासा. डेनो ही भाषा नव्हे. भाषा जुनीच, जावास्क्रिप्ट, १९९५ची. भाषा म्हणजे पाककृतीचा कागद म्हणा. कागद वाचून पोट भरत नाही. ओटा लागतो, शेगडी लागते, भांडी लागतात. डेनो म्हणजे तो ओटा आणि ती शेगडी. ही जावास्क्रिप्ट जन्मली ब्राउझरसाठी, म्हणजे तुम्ही ज्यात वेबपानं बघता त्या खिडकीसाठी. तिथं तिला कुंपण आहे. एखादं पान तुमच्या नकळत तुमच्या फायली उघडू शकत नाही, कॅमेरा हवा असेल तर आधी विचारतं. २००९ मध्ये रायन डाल नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं नोड बनवलं आणि या भाषेला कुंपणाबाहेर, थेट सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट पुरवणाऱ्या संगणकावर आणलं. जगभर नोड चाललं. फक्त झालं काय, की भाषा बाहेर आली आणि कुंपण मागेच राहिलं.

याच डालनं २०१८ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत भाषण केलं. विषय काय, तर नोड बनवताना आपल्या हातून झालेल्या दहा चुका. आपल्याच गाजलेल्या कामातल्या चुका भर सभेत मोजून दाखवायच्या! आमच्या शिक्षकवर्गात हे धैर्य कमी, माझ्यात तर फारच कमी. आणि त्याच भाषणात त्यानं नवं काम पुढं ठेवलं. नाव कसं केलं बघा: नोडच्या इंग्रजी अक्षरांतल्या नो आणि डे यांच्या जागा बदलल्या, नोडचं डेनो झालं.

आता माझा पहिला अनुभव. एकच फाइल उतरवून घ्यायची, झालं. कोड नीटनेटका मांडून देणारं साधन त्यातच, चाचणी घेणारं त्यातच. एरवी या गोष्टी दहा ठिकाणांहून गोळा कराव्या लागतात. मी छोटा प्रोग्राम लिहिला, बेरीज केली, चालला. मग इंटरनेटवरून एक पान आणणारा लिहिला, आणि डेनो अडून बसला. म्हणाला, नेटवर जायची परवानगी नाही; हवी असेल तर तसं सांगून पुन्हा चालव.

खरं सांगतो, राग आला. प्रोग्राम माझा, संगणक माझा, विजेचं बिल मी भरतो, आणि हा मला विचारणार? दोन दिवसांनी राग गेला, कारण आमच्या घरी प्लंबर आला.

श्रोतेहो, प्लंबर आला की आपण काय करतो? त्याला नळ दाखवतो. कपाटाची किल्ली देत नाही. माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. त्याचं काम नळाशी आहे म्हणून. आणि तो एकटा येत नाही. बरोबर एक मदतनीस, त्या मदतनीसाचा एक भाचा. प्रोग्रामचं तेच. आपण पन्नास ओळी लिहितो, बाकी इतरांनी लिहिलेले तयार तुकडे जोडतो, आणि त्या तुकड्यांना आणखी तुकडे लागतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा तुकडा त्याच्या लेखकानं भांडणातून काढून घेतला. जेमतेम अकरा ओळींचा. काम काय, तर मजकुराच्या डाव्या बाजूला शून्यं किंवा मोकळ्या जागा भरणं, हजेरीपटात सातचे ००७ करतो ना, तसं. तेवढ्यानं जगभर बड्या बड्या प्रकल्पांची जोडणी अडली. ही झाली गैरसोय. २०१८ मध्ये मात्र इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या लोकप्रिय तुकड्याची देखभाल नव्या माणसाच्या हाती गेली, आणि त्यात बिटकॉइन चोरण्यासाठीचा कोड घुसवल्याचं उघडकीला आलं. भाचा कपाटापाशी पोचला.

म्हणून डेनो म्हणतो, सांगा. नेट हवंय? कुठल्या पत्त्यापुरतं? फाइल वाचायचीय? कुठल्या फोल्डरपुरती? काय म्हटलं मी? नळ दाखवायचा, किल्ली द्यायची नाही. पुन्हा सांगतो: नळ दाखवायचा, किल्ली द्यायची नाही.

यातही एक उणीव आहे, ती लपवत नाही. परवानगी मिळते ती सगळ्या प्रोग्रामला मिळून. प्लंबरला मोरीत सोडलंत की भाचाही मोरीत आलाच. पण निदान मोरीतच राहतो.

आता थोडं रागावतो. पुढच्या आवृत्त्यांत डेनो अडण्याऐवजी थांबून प्रश्न विचारू लागला: हो, नाही, की सगळंच देऊ? आणि माझे विद्यार्थी काय करतात? सुरुवातीलाच "सगळं दिलं" अशी खूण लावून मोकळे होतात. विचारलं तर म्हणतात, "सर, सारखं विचारतो, कटकट होते." अरे, विचारतो म्हणून तर आणलाय त्याला! आणि मुलांनाच का बोलू? मोबाइलवर टॉर्चचं अॅप तुमचे संपर्क मागतं आणि तुम्ही हो म्हणता. टॉर्चला तुमच्या मामेबहिणीचा नंबर कशाला हवा?

वेळ संपत आली असं खुणावतायत. इतकंच सांगतो की नव्या घराच्या अडचणी यालाही होत्या. सुरुवातीला नोडचे बरेच तयार तुकडे इथं चालत नसत, म्हणून लोक बिचकले. ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसरी मोठी आवृत्ती आली, तिनं जुन्या सामानाला रीतसर दार उघडलं. परवानगीचा प्रश्न मात्र कायम ठेवला, हे मला आवडलं.

गृहपाठ देतो. आज जेवण झाल्यावर मोबाइलच्या सेटिंगमध्ये परवानग्यांची यादी उघडा. कुणाकुणाला किल्ली दिलीय, बघा. एक तरी परत घ्या.