घाटातील वाफेच्या इंजिनाचे जतन



धार आणि देवास या पवारांच्या राजधान्यांत वारसा म्हटला की किल्ले व राजवाडे आठवतात. रेल्वेही आपल्या माळव्याचा वारसाच आहे. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के. पातालपानी-कालाकुंड घाट त्याच मार्गावरचा. डिसेंबर २०१८ मध्ये तेथे पर्यटकांसाठी मीटरगेजची वारसा गाडी सुरू झाली. इंजिन मात्र डिझेलचे.

या घाटात पूर्वी वाफेची इंजिने चालत. असे इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवले म्हणजे त्याचे जतन झाले, असे नाही. उघड्यावर पावसाचे पाणी सांध्यांत मुरते आणि बॉयलरच्या नळ्या गंजतात. इंजिन चालते ठेवावयाचे तर छप्पर, स्वच्छ पाणी, बॉयलरची नियमित दाबचाचणी आणि जाणते फिटर लागतात. वाफेवर काम केलेली पिढी आता थकली आहे. म्हणून पर्यटन-योजनेत उपाहारगृहाआधी कार्यशाळेची तरतूद व्हावी आणि या जुन्या कारागिरांच्या हाताखाली तरुण तयार व्हावेत. या कामी आपण सर्वांनी आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे.