सांधा अक्षरांचा, वाट फाइलीची
(अळणावर येथे ग्रामस्थ, कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)

अळणावर हे रेल्वेचे जंक्शन आहे. येथून एक मार्ग धारवाडकडे, दुसरा लोंढ्याकडे, तिसरा दांडेलीच्या दिशेने जातो. सांधा चुकला तर गाडी भलत्याच मार्गाला लागते. संगणकातील कागदपत्रांचेही तसेच आहे.

कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाद्वारे पहाणीपत्रके संगणकावर आली. महाराष्ट्रात सातबारा आला. असा उतारा फाइल म्हणून साठवावयाचा, तर तिचा मार्ग सांगावा लागतो : जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर. संगणकाची आज्ञावली हे तुकडे जोडून मार्ग बांधते.

संगणक तुकडे जोडतो. संधी करीत नाही. ‘सूर्य’ आणि ‘उदय’ यांचा आपण ‘सूर्योदय’ करतो. तो ‘सूर्यउदय’ असेच लिहितो. सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३ हे आकडे नुसते जोडले की १२३ होतात. सर्व्हे नंबर १, हिस्सा २३ यांचेही १२३ च होतात! दोन शेतकऱ्यांच्या फाइलींना एकच नाव पडले, तर दुसरी फाइल पहिलीवर लिहिली जाऊन पहिली नाहीशी होऊ शकते.

मध्ये तिरकी रेघ घालून १२/३ लिहावे, तर निराळीच अडचण उद्भवते. कागदावर ती रेघ हिस्सा दाखविते; संगणकाच्या लेखी ती एका फोल्डरातून पुढच्यात शिरण्याची खूण असते. तो ‘१२’ नावाचे फोल्डर शोधू लागतो. ७/१२ या नावाचीही तीच गत. म्हणून फाइलीच्या नावात आडवी रेघ वापरावी : १२-३, ७-१२.

फोल्डरांची नावे जोडणारी रेघही हाताने घालू नये. लिनक्समध्ये ती पुढे झुकलेली, तर विंडोजमध्ये मागे झुकलेली असते. पायथन या संगणकभाषेत २०१४ पासून ‘पाथलिब’ हे साधन अंगभूत आहे. ते यंत्रानुसार योग्य रेघ घालते. मात्र पुढच्या तुकड्याच्या आरंभीच तिरकी रेघ राहिली, तर तेच साधन आधीचे जिल्हा, तालुका, गाव सारे टाकून देते. तेव्हा दक्षता माणसानेच घ्यावयाची.

कर्मचारीबंधूंनी नाव लिहिण्याची एकच रीत ठरवून ती पाळावी. शिक्षकांनी हे उदाहरण मुलांना फळ्यावर दाखवावे. ग्रामस्थांनी उतारा मागताना सर्व्हे नंबर व हिस्सा वेगवेगळे सांगावेत आणि हाती आलेला कागद तेथेच वाचून पाहावा. रेघ लहान असली, तरी तिच्या दोन्ही बाजूंस कोणाची तरी जमीन असते.