दुकानाच्या उंबऱ्याबाहेरची जोखीम

उन्हाळ्याच्या अखेरीस खानदेशांत वादळी वारे सुटतात. केळीच्या बागा आडव्या होतात आणि गांवांतील घरांवरचे पत्रे उडतात. अशा वेळीं धुळ्याच्या आग्रा रोडवरील एखाद्या कापडदुकानाची लोखंडी पाटी निखळून वाटसरूच्या खांद्यावर पडली, तर दुकानदाराच्या मनांत लौकरच एक दिलासा देणारा विचार येतो : आपला विमा आहे ना ! विमा असतोही; परंतु तो बहुधा आगीचा असतो. त्या करारांत वादळाचें कलम असेल तर पाटीची किंमत मिळेल. वाटसरूच्या मोडलेल्या हाडाशीं त्या कराराचा कांहींएक संबंध नसतो. ही गोष्ट पुष्कळांना अपघात घडल्यावरच कळते.

आपल्या धंद्यामुळें परक्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचें नुकसान झालें, तर कायद्यानें जी भरपाई आपणांवर बसते, ती उचलणाऱ्या विम्यास सार्वजनिक दायित्वाचा विमा म्हणतात. नांव अवजड असलें तरी वस्तु अनोळखी नाहीं. घरीं मोटार किंवा स्कूटर असणाऱ्या प्रत्येकानें तिचा एक प्रकार विकत घेतलेला असतो. गाडीखालीं सांपडणाऱ्या त्रयस्थासाठीं विमा उतरविण्याची सक्ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें आणिली व १९८८ च्या कायद्यानें ती पुढें चालविली. फरसाणाची भट्टी, लग्नाचा मंडप, वेल्डिंगची टपरी यांच्यावर तशी सर्वसाधारण सक्ती नाहीं, आणि म्हणूनच तेथें विमा क्वचित् आढळतो.

सक्ती नाहीं, म्हणून जबाबदारीही नाहीं, असा अर्थ मात्र कोणीं करूं नये. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळें माणूस मेला, तर त्याच्या बायकामुलांना भरपाई मागण्याचा हक्क १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्यानें दिलेला आहे. जखमी माणूस स्वतः दिवाणी दावा लावूं शकतो. आणि एकट्या मालकाच्या धंद्यांत दुकान व घर यांच्यामध्यें कायदा भिंत मानीत नाहीं. जळगांवच्या फुले मार्केटांतील गाळ्यासंबंधीं झालेला हुकूमनामा मालकाच्या राहत्या घरापर्यंत आणि बँकेंतील ठेवीपर्यंत पोहोंचूं शकतो. मुलीच्या लग्नासाठीं ठेवलेले पैसे आणि धंद्याचें भांडवल हीं दोन खातीं मालकाच्या मनांत निराळीं असतात. वसुलीच्या वेळीं तीं एकच ठरतात.

धोक्याच्या रसायनांपुरता मात्र कायदा याहून कडक आहे. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें विषारी वायूनें हजारों माणसें मारलीं. पुढच्याच वर्षीं दिल्लींतील एका कारखान्यांतून ओलियम वायु सुटला. त्या प्रकरणीं डिसेंबर १९८६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, धोक्याचा धंदा करणाऱ्यानें कितीही काळजी घेतली असली तरी होणाऱ्या हानीची जबाबदारी त्याचीच. त्यांतून १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा जन्मास आला. धोकादायक पदार्थ ठरावीक प्रमाणाहून अधिक बाळगणाऱ्यांना या कायद्यानें विमा सक्तीचा केला. आपद्ग्रस्तानें कोणाची चूक सिद्ध न करितां जिल्हाधिकाऱ्याकडे पांच वर्षांच्या आंत अर्ज करावयाचा. मूळ कायद्यांत मृत्यूबद्दलची तातडीची मदत २५,००० रुपये होती. ही रक्कम आज वाचतांना तुटपुंजी वाटते. अधिक भरपाईसाठीं न्यायालयाचा मार्ग मोकळा ठेवला होता, एवढेंच समाधान.

खानदेशाला हा विषय दूरचा नाहीं. ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं शिरपूर तालुक्यांतील वाघाडी येथें एका रसायन कारखान्यांत स्फोट होऊन किमान १२ माणसें दगावलीं. असे प्रसंग आले कीं एक महत्त्वाचा भेद लक्षांत घ्यावा लागतो. सार्वजनिक दायित्वाचा विमा बाहेरच्या माणसासाठीं असतो. कारखान्यांत कामावर असलेल्या मजुराची भरपाई हा वेगळा हिशेब आहे; तो १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यानें सुरू झाला व पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घेण्यांत आला. ज्या मालकानें एकच विमा काढला, त्यानें निम्मेंच दार लावलें आहे.

आतां विम्याच्या कागदाकडे वळूं. दुकानदारांसाठीं विमा कंपन्या जो एकत्रित विमा देतात, त्यांत दायित्वाचें कलम बहुधा असतें. पण तें निवडून घ्यावें लागतें, आणि हप्ता वांचविण्याच्या नादांत पहिलें तेंच गळतें. कागदावर दोन मर्यादा छापलेल्या असतात : एका अपघाताची आणि संपूर्ण वर्षाची. पहिल्या अपघातांत वर्षाची मर्यादा संपली, तर उरलेले महिने मालक पुन्हां उघडाच. शिवाय प्रत्येक दाव्यांतील पहिला कांहीं भाग मालकानें स्वतः सोसावयाचा असतो.

जें वगळलेलें असतें, तें अधिक बारकाईनें वाचावें. गिऱ्हाइकानें आपल्या ताब्यांत दिलेली वस्तु सामान्यतः या विम्यांत येत नाहीं. जळगांवच्या सराफाकडे डाग लावण्यासाठीं आलेली पाटली, शिंप्याकडचें कापड, मेस्त्रीकडे दुरुस्तीस सोडलेली फटफटी, या सर्वांना हा नियम लागतो. सराफांसाठीं त्याकरितां निराळा विमा आहे. जेवणावळी करणाऱ्या आचाऱ्यानें अन्नांतून होणाऱ्या विषबाधेचें कलम जोडून घेतलें आहे कीं नाहीं, हें पाहावें. नळकारागिराच्या चुकीमुळें खालच्या बिऱ्हाडाचें छत भिजलें, तर तें या विम्यांत बसतें. पण जो नळ त्यानें वाईट जोडला, तो पुन्हां जोडण्याचा खर्च सहसा बसत नाहीं.

सर्वांत अवघड अट माणुसकीच्या आड येणारी वाटते. अपघातानंतर विमा कंपनीच्या संमतीवांचून मालकानें चूक कबूल करावयाची नाहीं व पैशाचें वचन द्यावयाचें नाहीं. खानदेशी व्यापाऱ्याची रीत याच्या अगदीं उलट. तो दवाखान्यांत धांवतो, हात जोडतो, आणि चार माणसांदेखत "सारा खर्च माझा" असें सांगून मोकळा होतो. या शब्दावरच पुढें दावा अडूं शकतो. जखमीला उचलून नेणें, डॉक्टर बोलावणें, घरच्यांना कळविणें यांस अटकाव नाहीं. तें अवश्य करावें. भरपाईचा आकडा मात्र त्या दिवशीं बोलूं नये, आणि अपघाताची लेखी खबर कंपनीला विनाविलंब द्यावी. कंपनीनें दावा अन्यायानें नाकारला, तर एकट्या मालकाच्या धंद्याला विमा लोकपालाकडे दाद मागतां येते.

आणखी एक बाब. हे विमे पुष्कळदां दावा दाखल होण्याच्या तारखेवर चालतात, अपघाताच्या तारखेवर नव्हे. आज पाटी पडली आणि नोटीस पुढल्या वर्षीं आली, तर पुढल्या वर्षींचा विमा चालू असला पाहिजे. आणि त्या कागदांत मागील कोणत्या तारखेपासूनचे अपघात धरले आहेत, तेंही छापलेलें असतें. कंपनी बदलतांना ही तारीख पुढें सरकलेली नाहीं ना, हें जुना कागद शेजारीं ठेवून ताडून पाहावें.