मुलांच्या हालचालीचा हिशेब

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शालान्त परीक्षेत यशस्वी झालेल्या मुलामुलींचा गुणगौरव करण्याची प्रथा आपल्या संमेलनात चालत आली आहे, आणि ती उत्तमच आहे. कोणास किती गुण मिळाले, पदवी कोणी संपादन केली, याच्या याद्या स्मरणिकेत दरसाल छापून येतात. जी गोष्ट आपण मोजतो तिच्याकडे घरादाराचे लक्ष राहते, आणि जिच्याकडे लक्ष राहते ती वाढीस लागते, हेच या याद्या सांगतात. म्हणून आज आम्ही आपणांपुढे दुसऱ्या एका मोजमापाचा विषय मांडीत आहोत. आपली मुले दिवसातून किती वेळ धावतात, उड्या मारतात, घाम गाळतात? मुलाचे गणिताचे गुण आपणांपैकी प्रत्येकास तोंडपाठ असतील. या प्रश्नाचे उत्तर किती मातापित्यांस देता येईल?

शरीरश्रमाची मोजदाद ही आपल्याकडे नवी कल्पना नव्हे. तालमीत जोर आणि बैठका मोजूनच काढल्या जात. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्य मानले आणि ते आपल्या संस्थानातील शाळांतून चालू केले. लोकमान्य टिळकांनी महाविद्यालयातील पहिले वर्ष शरीर कमावण्यास वाहिले, हे सर्वांस ठाऊकच आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. तथापि केवळ पूर्वजांच्या नावाने छाती फुगविण्यासाठी आम्ही ही नावे घेतली नाहीत. त्या काळी जे मूल तालमीची पायरीही चढत नसे, तेसुद्धा शाळेस पायी जाई, विहिरीचे पाणी आणी, आणि दिवेलागणीपर्यंत विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या खेळे. त्याच्या हालचालीचा हिशेब ठेवण्याची गरज नव्हती; कारण दिनक्रमच ती करवून घेत होता. आज घरी लिफ्ट आहे, दारात शाळेची बस आहे, सायंकाळी शिकवणी आहे, आणि उरलेल्या वेळास मोबाइल आहे. दिनक्रमाने जे काढून घेतले ते आता जाणूनबुजून परत दिले पाहिजे.

किती द्यावे, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिले आहे. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस दम लागेल असे, तसेच स्नायू व हाडे यांना बळकटी येईल असे श्रम करावेत. प्रत्यक्षात काय आहे? १४६ देशांतील सुमारे १६ लक्ष शाळकरी मुलामुलींच्या माहितीवरून जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे २०१६ साली अकरा ते सतरा वर्षांच्या दर शंभर मुलांपैकी ८१ मुलांची हालचाल या मापास उतरत नव्हती. भारतात हे प्रमाण शेकडा सुमारे ७४ होते. म्हणजे आपल्या चार मुलांपैकी तीन मुले अपुऱ्या हालचालीत वाढत होती.

"आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला व्यायाम कशाला?" असे कोणी म्हणेल. त्यांस पुण्याच्या एका संशोधकाचे उदाहरण सांगितले पाहिजे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीराची मापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१.२. आपल्या लोकांची अंगकाठी सडपातळ दिसली तरी आत चरबी अधिक व स्नायू कमी असण्याचा संभव असतो; मधुमेह आपल्याकडे लवकर शिरतो त्याचे एक कारण हे आहे. तेव्हा केवळ वजनकाट्यावर विसंबणे हे वहीच्या पुठ्ठ्यावरून अभ्यास तपासण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट हाडांची. प्रौढपणी अस्थींत जे खनिज द्रव्य असते त्याचा सुमारे पाव हिस्सा वयात येतानाच्या अवघ्या दोन वर्षांत साठतो. हा काळ मुलींत साडेबाराव्या वर्षाच्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या सुमारास येतो. उड्या मारणे, धावणे, दोरीवर चढणे यांनी ही ठेव वाढते. आणि नेमक्या याच वयात शिकवण्यांचे वेळापत्रक भरगच्च होते, आणि मुलीस "आता मोठी झालीस, घरी बैस" असे सांगण्यात येते. पेरणीच्या दिवसांतच शेताचे फाटक बंद करावे, तसा हा प्रकार होय.

आता हिशेब ठेवावा कसा? यास मौल्यवान यंत्र लागत नाही. पाऊले मोजणारे घड्याळ असल्यास हरकत नाही. परंतु पोहणे, सायकल आणि मल्लखांब यांचा हिशेब त्यास नीट करता येत नाही. साधी कसोटी अशी : हालचाल करताना मुलास बोलता येते पण गाता येत नाही, तर ती मध्यम, दोनचार शब्दांपुढे बोलताही येत नाही, तर ती जोरकस. मुले सलग तासभर धावत नाहीत. ती धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. म्हणून शाळेची वाट, मधली सुट्टी, सायंकाळचा खेळ, सर्वांची बेरीज करावी. घरात एक वही ठेवून रात्री मुलानेच त्या दिवसाची मिनिटे लिहावीत, आणि आठवड्याच्या शेवटी ६० मिनिटे किती दिवस भरली ते पाहावे. २०१९ साली सुरू झालेल्या फिट इंडिया अभियानात शाळांसाठी धावणे, वाकणे, जोर इत्यादींच्या चाचण्या ठरविल्या आहेत. आपल्या मुलाच्या शाळेत त्या होतात काय आणि निष्कर्ष काय आला, हे गुणपत्रिकेइतक्याच आस्थेने विचारावे.

एका लहान देशाने हे काम किती चिकाटीने केले ते पाहण्यासारखे आहे. युरोपातील स्लोव्हेनियाने १९८० नंतरच्या दशकात शाळकरी मुलांची वार्षिक मोजणी सुरू केली. दरसाल एप्रिल महिन्यात उंची, वजन व त्वचेखालील चरबी यांची मापे घेतात, आणि ६०० मीटर धाव, उभ्याने लांब उडी, हातांनी लोंबकळणे अशा आठ कसोट्या पाहतात. मातापित्यांच्या संमतीवाचून मूल यात घेतले जात नाही. २०२० साली महासाथीमुळे शाळा बंद राहिल्या तेव्हा मुलांची क्षमता किती झपाट्याने घसरली हे त्या देशास आकड्यांनिशी कळले; कारण आधीचे आकडे दप्तरी होते.

परंतु मोजणे म्हणजे सुधारणे नव्हे. दररोज ताप मोजल्याने ताप उतरत नाही. सुधारणेसाठी वेळ, जागा आणि सोबती ही तीन लागतात. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग गावी एलेन वायली या मुख्याध्यापिकेने २०१२ साली एवढेच केले : वर्गातील मुलांस रोज पंधरा मिनिटे, आहे त्याच कपड्यांत, मित्रांसह मोकळ्यावर धावू किंवा चालू द्यावे. स्पर्धा नाही, गणवेश नाही, खर्च नाही. तो उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे. वही ही मुलास हिणविण्यासाठी नव्हे. शेजारच्या मुलाशी तुलना करून स्थूल मुलास चारचौघांत लाजविले, तर ते मैदानाचे तोंडच पाहणार नाही. तुलना करावयाची ती मुलाच्या कालच्या आकड्याशी.

मुलींविषयी थोडे अधिक स्पष्ट बोलतो. मघाशी सांगितलेल्या अभ्यासात जगातील अपुऱ्या हालचालीचे प्रमाण २००१ पासून २०१६ पर्यंत मुलांत शेकडा ८०.१ वरून ७७.६ वर आले. मुलींत ते ८५.१ वरून जेमतेम ८४.७ झाले. भारतातील मुलींचे प्रमाण इतर देशांच्या मानाने बरे दिसते. परंतु त्याचे संभाव्य कारण म्हणून तज्ज्ञांनी घरकाम सांगितले, आणि मुलांच्या बाबतीत क्रिकेट. भगिनींनो, या एका वाक्यात आपल्या घरांचे चित्र उतरले आहे! मुलगा खेळून हालतो आणि मुलगी राबून. झिम्मा-फुगडीत दम किती लागतो हे मंगळागौर जागविलेल्या प्रत्येकीस ठाऊक आहे. मग तो आनंद वर्षातून एका रात्रीपुरताच का असावा?

आता कार्यकारी मंडळापुढे असलेल्या एका प्रश्नाकडे वळतो. ज्ञातिगृहामागील अंगणात फरशी घालून ते कार्यालयातील वऱ्हाडींच्या मोटारींसाठी द्यावे, अशी सूचना आली आहे. लग्नकार्याच्या भाड्यावर आपला विद्यार्थी-साहाय्य निधी चालतो, हे आम्ही जाणतो. सूचना करणाऱ्यांचा हेतू संस्थेच्या हिताचाच आहे. तरीही आमची विनंती अशी की मुहूर्ताचे दिवस वगळून हे अंगण मातीचेच राहू द्यावे आणि सायंकाळी दोन तास मुलांस खुले करावे. त्यांपैकी एक तास मुलींसाठी राखून तेथे शिक्षिकेची योजना व्हावी. खोखो, लंगडी, दोरीच्या उड्या यांस चुन्याची रेघ आणि एक शिटी यांपलीकडे फारसा खर्च नाही. वर्षातून दोनदा इच्छुक मुलांची मोजणी करून निष्कर्ष फक्त त्यांच्या घरी कळवावा. आणि पुढील संमेलनात, पहिल्या आलेल्यांच्या जोडीने, आपल्या स्वतःच्या मागील आकड्यापुढे गेलेल्या प्रत्येक मुलामुलीस व्यासपीठावर बोलवावे.

मोटारींस जागा अन्यत्रही मिळेल. त्यासाठी चार पावले चालावे लागले तर वऱ्हाडी मंडळींचेही कल्याणच होईल. परंतु बारा वर्षांच्या मुलीस तिचे बारावे वर्ष पुन्हा मिळणार नाही. हे ध्यानी धरून मंडळाने निर्णय घ्यावा, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.